एचपीपीसीचा स्वीकार : जावाच्या एका मुक्तस्रोत प्रकल्पातून केलेले परीक्षण

आम्ही सांभाळत असलेला मुक्तस्रोत प्रकल्प मजकुराच्या मोठ्या साठ्यावरून शब्दांची अनुक्रमणिका तयार करतो. प्रत्येक शब्दाला एक क्रमांक, प्रत्येक दस्तऐवजाला एक क्रमांक आणि या दोहोंच्या जोडीला एक वारंवारता, असा त्याचा अंतर्गत व्यवहार असल्यामुळे जावातल्या इंट आणि लाँग या पूर्णांकांच्या मूळ प्रकारांपलीकडे तो क्वचितच जातो. भाषेबरोबर मिळणारे हॅशमॅप (किल्लीवरून मूल्य शोधून देणारा) आणि ॲरेलिस्ट (यादी) हे संग्रह मात्र फक्त ऑब्जेक्ट, म्हणजे मेमरीत स्वतंत्र जागा घेणाऱ्या वस्तू, साठवू शकतात. ही विसंगती दूर करण्यासाठी आम्ही एचपीपीसी, म्हणजेच हाय परफॉर्मन्स प्रिमिटिव्ह कलेक्शन्स, ही लायब्ररी निवडली. कॅरट सर्च या कंपनीने ती विकसित केली असून ती अपाची परवाना २.० खाली उपलब्ध आहे. तिच्यामुळे मेमरी वाचते आणि वेग वाढतो हे खरे असले, तरी तो लाभ तिच्या प्रतिस्पर्धी लायब्ऱ्यांकडूनही मिळतो. अनेक हातांनी लिहिल्या जाणाऱ्या प्रकल्पासाठी तिचे खरे मोल तिच्या ताठरपणात आहे, असे आमचे मत झाले आहे, आणि या परीक्षणात मुख्यतः त्याचीच कारणे मांडायची आहेत.

आधी मूळ दुखणे किती मोठे आहे ते आकड्यांत पाहणे आवश्यक आहे. जावात जेनेरिक्स, म्हणजे संग्रहात कोणत्या प्रकारची माहिती असेल ते सांगण्याची सोय, २००४ मध्ये पाचव्या आवृत्तीबरोबर आले, आणि प्रकारांची माहिती कंपाइल होताना पुसली जात असल्यामुळे मॅपमध्ये इंट ठेवायचा असेल तर त्याचा इंटिजर ऑब्जेक्ट करावाच लागतो (यालाच बॉक्सिंग म्हणतात). जावा चालवणाऱ्या नेहमीच्या ६४ बिट हॉटस्पॉट यंत्रणेत, संकुचित रेफरन्स (ऑब्जेक्टचे छोटे पत्ते) चालू असताना, असा एक इंटिजर १६ बाइट घेतो, जरी त्यातली खरी माहिती ४ बाइटचीच असते. हॅशमॅपमधली प्रत्येक नोंद ही स्वतः एक वेगळा ऑब्जेक्ट असते आणि तिला ३२ बाइट लागतात. किल्ली आणि मूल्य दोन्ही इंट असतील तर एका जोडीमागे ६४ बाइट झाले, आणि मुख्य ॲरेमधला (सलग खणांच्या रांगेतला) रेफरन्स त्याहून वेगळा. दहा लाख जोड्यांसाठी हॅशमॅपचा ॲरे २०,९७,१५२ खणांपर्यंत वाढतो, म्हणजे एकूण खर्च ७२ एमबीच्या आसपास जातो. तीच माहिती दोन साध्या इंट ॲरेंमध्ये, तितक्याच खणांसह ठेवली तर १७ एमबीहून कमी जागा पुरते. ऋण १२८ ते १२७ या दरम्यानचे इंटिजर जावा आधीच तयार करून पुन्हा पुन्हा वापरते, त्यामुळे लहान वारंवारतांच्या बाबतीत हिशेब थोडा सौम्य होतो. दस्तऐवजांचे क्रमांक मात्र त्या मर्यादेत बसत नाहीत.

जागेपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न त्या जागेच्या मांडणीचा आहे. हॅशमॅपमध्ये एक मूल्य शोधताना ॲरेतून नोंदीकडे, नोंदीतून किल्लीकडे आणि मग मूल्याकडे असा प्रवास करावा लागतो, आणि हे चारही पत्ते मेमरीत कुठेही विखुरलेले असू शकतात. धान्याचा एकेक दाणा स्वतंत्र डबीत बंद करून त्या डब्या घरभर ठेवाव्यात, तशी ही व्यवस्था आहे. याउलट प्रोसेसरची कॅश, म्हणजे त्याची जवळची जलद मेमरी, साधारणतः ६४ बाइटच्या पट्टीने माहिती उचलते आणि अशा एका पट्टीत सलग ठेवलेले १६ इंट मावतात. एचपीपीसीच्या मॅपमध्ये किल्ल्यांचा एक आणि मूल्यांचा एक असे दोनच ॲरे असतात. हॅशने, म्हणजे किल्लीवरून काढलेल्या आकड्याने, दाखवलेला खण व्यापलेला असेल तर पुढचा, तोही व्यापलेला असेल तर त्याच्या पुढचा, अशा सरळ क्रमाने शोध होतो, म्हणून बहुतेक वेळा पुढचा खण आधीच कॅशमध्ये आलेला असतो. रिकामा खण शून्याने ओळखला जातो. शून्य ही किल्ली खरोखरच वापरायची असेल तर तिच्यासाठी ॲरेच्या शेवटी एक जादा खण आणि एक वेगळी खूण ठेवलेली असते. नोंद काढून टाकल्यावर मागे ‘येथे पूर्वी काही होते’ अशी चिन्हे न ठेवता पुढच्या नोंदी मागे सरकवल्या जातात, त्यामुळे सतत भरणारे आणि रिकामे होणारे मॅप कालांतराने मंदावत नाहीत. ही सगळी रचना उगमकोडमध्ये सहज वाचता येण्याइतकी सरळ आहे, आणि ज्या कोडवर आपण आपला गाभा उभारणार आहोत तो एका बैठकीत वाचून समजावा, याला आम्ही निवडीच्या वेळी बरेच वजन दिले.

आता ताठरपणाविषयी. एचपीपीसीचा इंटइंटहॅशमॅप हा जावाचा मॅप नाही. तो त्या इंटरफेसची (पद्धतींच्या ठरलेल्या यादीची) अंमलबजावणी करत नाही, त्याला कलेक्शन्सच्या मदतनीस पद्धती लागू पडत नाहीत आणि मॅप मागणाऱ्या कोणत्याही फंक्शनला तो देता येत नाही. पहिल्या भेटीत ही उणीव वाटते, विशेषतः फास्टयुटिल पाहिल्यानंतर. मिलान विद्यापीठातील सेबास्टियानो विन्या यांनी घडवलेली फास्टयुटिल ही या क्षेत्रातील सर्वांत विस्तृत लायब्ररी म्हणता येईल आणि तिच्या गुणवत्तेबद्दल आम्हाला पूर्ण आदर आहे. ट्रिनोसारखी वितरित क्वेरी यंत्रणा तिचा वापर करते. तिचे संग्रह जावाच्या इंटरफेसशी सुसंगत आहेत, त्यामुळे जुन्या कोडमध्ये फक्त निर्मितीची ओळ बदलली तरी कार्यक्रम चालू राहतो. पण नेमके येथेच सावध राहावे लागते. फास्टयुटिलचा मॅप इंटिजर ते इंटिजर अशा सामान्य मॅपच्या प्रकारात ठेवला किंवा तसा प्रकार मागणाऱ्या फंक्शनला दिला, की प्रत्येक वाचनाला पुन्हा इंटिजर तयार होऊ लागतात. लायब्ररीने स्वतःच्या बॉक्सिंग करणाऱ्या पद्धती कालबाह्य म्हणून चिन्हांकित केल्या आहेत, परंतु सामान्य इंटरफेसमधून बोलावल्यास कंपायलर ती सूचना देऊ शकत नाही. कोड कंपाइल होतो, टेस्ट उत्तीर्ण होतात, आणि ज्यासाठी लायब्ररी आणली तो लाभ कोणालाही न कळता नाहीसा होतो.

एकट्याने लिहिलेल्या कार्यक्रमात हे सांभाळता येते. मुक्तस्रोत प्रकल्पात मात्र प्रत्येक पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडबदलाचा प्रस्ताव, वेगळ्या व्यक्तीकडून येते, तिला प्रकल्पाचे अलिखित नियम ठाऊक असतीलच असे नाही, आणि परीक्षण करणाऱ्या मेंटेनरचा वेळही मोजकाच असतो. अशा ठिकाणी चुकीचा वापर कंपाइलच न होणे ही मोठी सोय आहे. एचपीपीसीमध्ये बॉक्सिंग आत शिरायचे असेल तर लिहिणाऱ्याला ते डोळ्यांदेखत, स्वतंत्र लूप लिहून करावे लागते, आणि तसा लूप परीक्षणात लगेच नजरेत भरतो. सुसंगततेचा अभाव ही किंमत आम्ही स्थलांतराच्या वेळी एकदाच दिली. तिच्या बदल्यात मिळालेले संरक्षण पुढच्या प्रत्येक बदलाला लागू आहे.

रोजच्या वापरात लायब्ररीच्या पद्धती विचारपूर्वक घडवलेल्या जाणवतात. वारंवारता मोजण्याचे काम ‘ॲडटू’ या एका हाकेत होते: किल्ली नसेल तर नोंद तयार होते, असेल तर मूल्यात भर पडते. पहिल्या वेळचे मूल्य आणि नंतरची भर वेगळी हवी असेल तर ‘पुटऑरॲड’ आहे. याहून सूक्ष्म नियंत्रण हवे असल्यास ‘इंडेक्सऑफ’ने खणाचे स्थान मिळवता येते, ती किल्ली आधीपासून आहे का ते तपासता येते, आणि त्याच स्थानावर वाचता, बदलता किंवा नवीन नोंद घालता येते. शोध एकदाच होतो. संग्रहाच्या पोटातले ॲरेसुद्धा सार्वजनिक फील्ड म्हणून खुले ठेवलेले आहेत. वस्तुनिष्ठ प्रोग्रामिंगच्या पाठ्यपुस्तकी शिकवणीला हे सोडून आहे खरे, पण इंटॲरेलिस्टमधला ॲरे थेट सॉर्टिंगला किंवा फाइलमध्ये लिहिणाऱ्या कोडला देता येतो आणि मधली प्रत वाचते, हे आमच्यासारख्या प्रकल्पात मोलाचे ठरते.

संग्रहावरून फिरताना प्रत्येक फेरीला एक कर्सर मिळतो, ज्यात स्थान, किल्ली आणि मूल्य ही साधी फील्ड असतात. हा कर्सर प्रत्येक फेरीला नव्याने तयार होत नाही; तोच ऑब्जेक्ट नवीन मूल्यांसह परत येतो. त्यामुळे कर्सर स्वतः दुसऱ्या यादीत साठवल्यास शेवटी सगळ्या नोंदी एकसारख्याच दिसतील. दस्तऐवजीकरणात हे स्पष्ट लिहिलेले आहे, तरीही नव्या सहभागकर्त्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत आम्ही हा नियम पहिल्या क्रमांकावर ठेवला आहे.

ज्या सुरक्षा-कठड्यांची जावाच्या प्रोग्रामरला सवय असते ते येथे बरेचसे नाहीत. मॅपमध्ये नसलेली किल्ली मागितली तर नल मिळत नाही, शून्य मिळते. ‘नाही’ आणि ‘शून्य आहे’ यांत भेद करायचा असेल तर तो वेगळा विचारावा लागतो. संग्रहावरून फिरत असताना त्यात बदल केल्यास जावाचे संग्रह सहसा अपवाद फेकतात. एचपीपीसी असे काही तपासत नाही आणि निष्कर्ष चुकीचे येऊ शकतात. सर्वांत दक्षतेने समजून घ्यावी अशी गोष्ट सीमातपासणीची आहे. इंटॲरेलिस्टमधून एखादे स्थान वाचताना ते मर्यादेत आहे की नाही याची खात्री फक्त ‘असर्ट’ या तपासणी-विधानाने केली जाते, आणि असर्ट तर जावात मुळात बंदच असतात. यादीत दहा घटक असून आतला ॲरे सोळा खणांचा असेल, तर बाराव्या स्थानावरचे वाचन कोणताही अपवाद न येता तेथे पडलेला आकडा परत करील. मेव्हनचे शुअरफायर आणि ग्रेडल ही दोन्ही बांधणीची साधने टेस्ट चालवताना असर्ट आपोआप चालू ठेवतात, हे सुदैव. मात्र त्याचा अर्थ असा की या लायब्ररीची सुरक्षितता तुमच्या टेस्टच्या व्याप्तीइतकीच आहे. ज्या प्रकल्पाच्या टेस्ट विरळ आहेत त्याने हिचा स्वीकार करण्याआधी त्या वाढवाव्यात, असे आम्ही आग्रहाने सुचवू.

मॅप रिकामा करण्याच्या पद्धतीतही एक बारकावा आहे. ‘क्लिअर’ आतले ॲरे सोडत नाही, फक्त किल्ल्यांचा ॲरे शून्याने भरतो. म्हणजे एकदा फुगलेला मॅप पुढे दहा-वीस नोंदींसाठी वारंवार वापरला, तर प्रत्येक वेळी लाखो खण पुसण्याचा खर्च द्यावा लागतो. त्यासाठी ‘रिलीज’ ही वेगळी पद्धत आहे. तसेच मॅप वाढताना जुने आणि दुप्पट आकाराचे नवे ॲरे काही क्षण एकत्र अस्तित्वात असतात. वर दिलेल्या दहा लाख जोड्यांच्या उदाहरणात शेवटच्या वाढीच्या वेळी सुमारे २५ एमबी लागतात, १७ नव्हे. अपेक्षित संख्या आधी ठाऊक असेल तर ती निर्मितीच्या वेळीच देणे सर्वांत चांगले.

खुल्या पत्त्यांच्या हॅशरचनेचा (जिथे नोंदी थेट ॲरेच्या खणांतच राहतात) एक दोष असा आहे की तो टेस्टमध्ये दिसत नाही आणि मोठ्या माहितीवर एकदम प्रकट होतो. एका मोठ्या मॅपवरून खणांच्या क्रमाने फिरत त्याच्या नोंदी त्याच हॅशफंक्शनच्या, पण आकाराने लहान असलेल्या दुसऱ्या मॅपमध्ये घालत गेलो, तर सगळ्या किल्ल्या दुसऱ्या मॅपच्या एकाच भागात दाटी करतात. प्रत्येक नव्या किल्लीला लांबच लांब रांग ओलांडावी लागते आणि सरळ रेषेत वाढायला हवा तो वेळ नोंदींच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढू लागतो. रस्ट भाषेच्या प्रमाण हॅशमॅपमध्येही २०१६ मध्ये हाच प्रकार आढळला होता, त्यामुळे तो एखाद्या लायब्ररीचा अपघात नव्हे, रचनेचाच गुणधर्म आहे. एचपीपीसीच्या कर्त्यांनी यावर गंभीरपणे काम केले आहे: आधीच्या आवृत्त्यांत प्रत्येक मॅपच्या हॅशमध्ये वेगळे बीज मिसळले जाई, तर नंतरच्या आवृत्त्यांत फिरण्याचा क्रमच बदलता ठेवला आहे. परिणामी नोंदींचा क्रम कधीही गृहीत धरता येत नाही. आमच्या काही टेस्ट हॅशमॅपच्या योगायोगाने स्थिर असलेल्या क्रमावर नकळत विसंबून होत्या आणि स्थलांतरात त्या उघड्या पडल्या. अनुक्रमणिकेची फाइल तीच माहिती दिल्यावर प्रत्येक वेळी बाइटनबाइट सारखी यावी, ही आमची अट असल्याने लिहिण्याआधी किल्ल्या क्रमाने लावण्याचा टप्पा जोडावा लागला. तो खर्च स्वीकारण्याजोगा आहे.

किल्ल्या बाहेरून, वापरकर्त्याच्या हातून येत असतील तर मात्र निर्णय बदलावा. २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ पासून हॅशमॅपमधल्या एकाच खणात फार नोंदी जमल्या की त्यांचे संतुलित वृक्षात रूपांतर होते, त्यामुळे कोणी मुद्दाम टकरावणाऱ्या किल्ल्या पाठवल्या तरी शोध फार मंदावत नाही. सरळ शोध घेणाऱ्या ॲरेमध्ये असे संरक्षण शक्य नसते, आणि सुवर्ण गुणोत्तरातून आलेल्या स्थिरांकाने गुणून किल्ली ढवळण्याची सर्वज्ञात पद्धत हे हल्लेखोराविरुद्धचे कुलूप नव्हे. आमच्या प्रकल्पात क्रमांक आम्हीच वाटतो, म्हणून ही चिंता नाही; नेटवर्कवरून आलेले ओळखक्रमांक थेट किल्ली म्हणून वापरणाऱ्या सेवेने मात्र जावाचाच मॅप ठेवावा.

मुक्तस्रोत लायब्ररीने दुसरी लायब्ररी स्वीकारणे हे तिच्या सर्व वापरकर्त्यांच्या वतीने घेतलेले वचन असते. म्हणून एचपीपीसीचा कोणताही प्रकार सार्वजनिक पद्धतींच्या सहीमध्ये (नाव-प्रकारांच्या घोषणेत) येऊ द्यायचा नाही, हा नियम आम्ही पहिल्या पुल रिक्वेस्टच्या आधीच ठरवला. बाहेर साधे ॲरे, इंटस्ट्रीम किंवा स्वतःचे छोटे इंटरफेस. आत हवे ते. या नियमामागे ठोस कारण आहे: एचपीपीसीचे आवृत्तीक्रमांक शून्याने सुरू होतात, आणि ०.७ मध्ये इंटइंटओपनहॅशमॅपसारखी नावे बदलून इंटइंटहॅशमॅप अशी झाली. एकाच कार्यक्रमात दोन अवलंबित लायब्ऱ्या वेगवेगळ्या आवृत्त्या मागू लागल्या तर बिचारा वापरकर्ता मध्येच अडकतो. त्यावर पॅकेजचे नाव बदलून वर्ग आपल्याच जारमध्ये (जावाच्या वितरण-फाइलमध्ये) समाविष्ट करणे हा एक उपाय आहे. अपाची ल्युसीन या शोध-लायब्ररीने याहून एक पाऊल पुढे टाकले: तिच्या गाभ्याला बाहेरची एकही डिपेंडन्सी चालत नाही, म्हणून एचपीपीसीतले मोजके वर्ग तिने अंतर्गत पॅकेजमध्ये उतरवून घेतले. चार-पाच वर्गांपुरतीच गरज असणाऱ्या प्रकल्पाला आम्ही हाच मार्ग सुचवू, कारण परवाना त्याला मोकळीक देतो. मूळ परवान्याची व स्वामित्वाची नोंद जपणे आणि बदललेल्या फाइलींत तसे नमूद करणे, एवढेच बंधन आहे. केवळ जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली असलेल्या प्रकल्पांनी मात्र थांबून विचार करावा, कारण फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते अपाची परवाना २.० जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी सुसंगत आहे, दुसरीशी नाही.

मोजमापाबद्दल थोडक्यात. अशा बदलाचा लाभ सिद्ध करण्यासाठी लिहिलेला छोटा बेंचमार्क सहज फसवतो, कारण यंत्रणेचा कंपायलर लहान लूपमधले तात्पुरते इंटिजर पूर्णपणे वगळू शकतो आणि मग दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. ओपनजेडीकेचे वेग मोजणारे जेएमएच आणि ऑब्जेक्टांची प्रत्यक्ष मांडणी दाखवणारे जेओएल ही दोन साधने वापरूनच निर्णय घ्यावा, आणि सोबत खऱ्या साठ्यावरची संपूर्ण धाव पाहावी. आमच्याकडे सर्वांत ठळक फरक शोधाच्या वेगापेक्षा, नको असलेले ऑब्जेक्ट मेमरीतून काढणाऱ्या गार्बेज कलेक्टरच्या कामात दिसला. प्रत्येक शब्दामागे तयार होणारे अल्पजीवी ऑब्जेक्टच थांबल्यामुळे अनुक्रमणिका बांधताना येणारे विराम लक्षणीयरीत्या कमी झाले.

काही ठिकाणी आम्ही बदल केला नाही. विन्यासातले (सेटिंग्जमधले) दहा-बारा नोंदींचे मॅप जसेच्या तसे आहेत, आणि धाग्यांमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांमध्ये, वाटून घेतलेल्या संग्रहांसाठी कॉनकरंटहॅशमॅपच ठेवला आहे, कारण एचपीपीसीमध्ये समकालिक वापराची हमी नाही. शब्द ही स्ट्रिंग किल्ली आणि इंट मूल्य अशा मॅपमध्येही फायदा मर्यादित असतो: मूल्याचे बॉक्सिंग टळते, परंतु स्ट्रिंगची तुलना करण्याचा आणि ती शोधत मेमरीत भटकण्याचा खर्च उरतोच. न बदलणारे संग्रह आणि समृद्ध, प्रवाही पद्धती ज्यांना हव्या असतील त्यांनी गोल्डमन सॅक्समध्ये जन्मलेल्या आणि पुढे एक्लिप्स फाउंडेशनकडे आलेल्या एक्लिप्स कलेक्शन्सकडे पाहावे. तिचा पसारा मोठा आहे, पण त्या पसाऱ्यात सुसूत्रता आहे. फास्टयुटिलचा संपूर्ण जार वीस एमबीच्या पुढे जातो, त्यामुळे तिचा विचार करणाऱ्यांनी इंट, लाँग आणि डबलपुरत्या तिच्या गाभा-आवृत्तीपासून सुरुवात करावी.

जावाच्या व्हल्हाला प्रकल्पातून भाषाच एक दिवस मूळ प्रकारांचे संग्रह देईल, मग आता कष्ट कशाला, असा प्रश्न आमच्या चर्चेत आला होता. व्हल्हालाचे काम २०१४ पासून चालू आहे आणि त्याचे फळ अवश्य यावे. पण आमचे वापरकर्ते जावाच्या ज्या जुन्या आवृत्त्यांवर आहेत त्यांच्यापर्यंत नव्या यंत्रणेतले बदल पोहोचत नाहीत, आणि सार्वजनिक सीमेबाहेर एचपीपीसीचा एकही प्रकार गेलेला नसल्यामुळे ती काढायची वेळ आली तर बदल आमच्या कोडपुरताच राहील. सध्या आमची एकच मागणी शिल्लक आहे: प्रक्रिया, प्रेडिकेट आणि खणांच्या स्थानांवरच्या पद्धती यांची उदाहरणे लायब्ररीच्या उगमकोडमध्ये विखुरलेली आहेत, ती एका सलग मार्गदर्शिकेत आली तर नव्या सहभागकर्त्याला टेम्पलेटमधून तयार झालेल्या वर्गांत शोधत बसावे लागणार नाही. तशा मार्गदर्शिकेचा मसुदा आमच्या टिपांवरून तयार करून मूळ प्रकल्पाकडे पाठवण्याचे काम आम्ही हाती घेतले आहे.